मोहपाड्याला जायची वाट

माणसं लहानपणी मोठी होतात. मी तिशीत झाले, तेही बहारीनमध्ये, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. त्याआधी माझं लग्न झालं होतं, नवऱ्याने दुसरी आणली होती, आणि तिच्याशी रोज भांडत बसण्यापेक्षा डहाणूकडचा आमचा डोंगर सोडून मी मुंबईला भांडी घासायला गेले होते. एवढं सगळं होऊनही माझी अक्कल परकरातच होती. मुंबईत ज्या बाईकडे कामाला होते तिची बहीण हलिमाआपा, मूळची रायगडकडची, लग्न करून बहारीनला गेलेली. तिला तिसरं मूल झालं तेव्हा तिने बहिणीला फोन केला, की एखादी बाई पाठव, स्वयंपाक येणारी आणि कमी बोलणारी. बहिणीने मला पाठवलं. स्वयंपाक मला येत होता.

घर बुदैयाला होतं. पुढे रस्ता, मागे कुणाच्या तरी खजुरीच्या बागेची भिंत. आपाच्या नवऱ्याचं मनामाला रंगाचं दुकान, त्यामुळे घरात माणसांपेक्षा डबे जास्त. रिकामा झालेला रंगाचा डबा धुऊन त्यात डाळ भरायची, ही आपाची रीत. पहाटे अजान, मग पाण्याच्या टाकीवर पारवे, मग आपाच्या पोरांचं इंग्रजीतलं भांडण. मी त्यांना मराठीत ओरडायचे, ती मला इंग्रजीत उत्तर द्यायची. दोन्ही बाजूंना सगळं कळायचं, ऐकायचं कोणीच नाही. दुपारी मी मच्छीचा भात करायचे, तिकडच्या पद्धतीने, वाळलेलं काळं लिंबू टाकून. पहिल्यांदा मी ते लिंबू सडकं समजून कचऱ्यात फेकलं होतं. आपा म्हणाली, “लाडके, सोन्याच्या भावाचा लिंबू फेकलास गो! आता तुझा पगार त्याच कचऱ्यात शोध.” लाडकी हे माझं नाव. आईबापांनी ठेवलं तेव्हा त्यांना मी कशी निघेन ते माहीत नव्हतं.

शुक्रवार सुट्टीचा. त्या दिवशी मागच्या दाराने आमच्याकडची पोरं यायची. आम्ही वारली. त्या काळात तिकडे आमची किती असतील? एका मेटाडोरमध्ये सगळी मावतील एवढी. जहाजं दुरुस्त करतात तिथे वेल्डिंगला होती, जिदहफ्सला एका खोलीत दाटीवाटीने राहायची. कोणी विचारलं तर ‘महाराष्ट्र’ म्हणायची, पुढे बोलायची नाहीत. आपसातही हिंदी. एकटा रमेश तेवढा आमच्या बोलीत बोलायचा, तेही अभिमानाने नव्हे, त्याची हिंदी फार वाईट होती म्हणून. मी त्यांना सुकटीचं कालवण आणि भात वाढायचे आणि ती मला आत्या म्हणायची. आत्या म्हणवून घेण्यात काय मजा असते ते मला तेव्हा कळलं. गावी मी टाकलेली बाई होते. इथे मागच्या दारात, पायरीवर बसून, मी जवळजवळ पाटलीण होते.

या रमेशचं एका मुलीशी जमलं. सुनंदा तिचं नाव, आमच्यातलीच, आश्रमशाळेत शिकून नर्स झालेली, तिकडच्याच दवाखान्यात कामाला. ती पुस्तकातली मराठी बोलायची. मी तिला आमच्या बोलीत म्हटलं, “तुना भूक लागली का?” तर ती म्हणाली, “नाही, आत्ता नको, धन्यवाद.” धन्यवाद! सुकटीला आजवर कोणी धन्यवाद म्हटलं नव्हतं. मला वाटलं, ही गेली हातातून.

पण तीच एका शुक्रवारी एकटी आली. मी मासे साफ करत होते. ती समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “आत्या, आमचं लग्न तुम्ही लावाल का?”

इथे थोडं सांगायला हवं. आमच्यात लग्न भट लावत नाही. बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात देवी बसवतात आणि त्याच्यासमोर धवलेरी गाऊन देवांना लग्नाचं आवतण देते. कणसरीला, हिरव्याला, हिमायला, आणि मग गावोगावच्या राखणदारांना. हे राखणदार कसेही बोलवायचे नसतात. धवलेरी गाण्यातून चालत निघते. आपल्या वेशीवरून पुढच्या माळावर, माळावरून खिंडीत, खिंडीतून ओहोळावर, जिथे जाईल तिथल्या राखणदाराला बरोबर घेत घेत नवरीच्या पाड्यापर्यंत. मध्येच थांबायचं नाही. धवलेरी वाटेत थांबली तर तोवर गोळा केलेले देव तिथेच उभे राहतात, आणि उभा ठेवलेला देव काही बरा नसतो. माझी आई धवलेरी होती. आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांची लग्नं तिने लावली.

सुनंदा म्हणाली, “आमचा मोहपाडा धरणात गेला. माणसं तीन ठिकाणी नेऊन टाकली. बाबा आता हायवेच्या बाजूला राहतात. तिथली धवलेरी तिथल्याच वाटेचे देव बोलावते. मोहपाड्याचं नाव कोणत्याच लग्नात येत नाही. बाबा म्हणतात, लग्नात नाव घेणं बंद झालं की गाव खरं मेलं. पाण्याने नाही मेलं ते.” मग ती तिच्या पुस्तकी मराठीत, नाडी बघितल्यासारखी, म्हणाली, “मला चौक साधा चालेल. जेवण नसलं तरी चालेल. फक्त टेप करून पाठवायचंय. बाबांना मोहपाड्याचं नाव एकदा ऐकू आलं पाहिजे. दोघांनाही रजा मिळायला वर्ष आहे, आणि बाबा पुढचा पावसाळा काढतील असं मला वाटत नाही. रोज तसली फुफ्फुसं बघते मी.”

मी माशाचे खवले उडवत म्हटलं, “त्यात काय मोठं? धवलेरीची पोर आहे मी.”

खरी गोष्ट अशी, की आईची गाणी मी तिच्या मांडीवर झोपून ऐकली, म्हणजे ऐकलीच नाहीत. सूर तेवढा अंगात होता. देवांची सुरुवात येत होती, ती काय कोणालाही येते. वाट येत नव्हती. आणि इथे तर अख्खं काम वाटेचंच होतं.

रमेशचा एक सोबती रजेवर निघाला होता, त्याला मी कोरी कॅसेट देऊन आईकडे पाठवलं. महिन्याने कॅसेट परत आली ती सुक्या बोंबलांच्या पुड्यात गुंडाळून. आपाने दोन बोटांनी धरून ती माझ्याकडे टाकली. “घे गो, तुझी आई आली. घर वास मारतंय.” टेप लावला तर आधी कोंबड्या, मग कुणाला तरी हाकलल्याचा आवाज, मग आई.

“लाडके, ऐकतेस ना? हा डबा काय बोलत नाय, माना कसं कळंल तू ऐकतेस का नाय ते. बरं. तू धवलेरी होतेस म्हणं. पोरं हसत होती इथं. मी नाय हसले. थोडं हसले. आता मी सांगते तशी चाल. पळू नको, तू लहानपणापासून पळत्येस.”

आणि तिने गायला घेतलं. आमच्या वेशीवरून वाघ्याचा माळ, तिथून सातआंबा, तिथून कुंडाची खिंड, मग उंबरओहोळ, आणि ओहोळ ओलांडला की डाव्या हाताला मोहपाडा. मोहपाडा पाण्याखाली आहे हे तिला चांगलं माहीत होतं. तरी ती डाव्या हाताला म्हणत होती, जणू आत्ता गेलं तर कोणीतरी खाटलं टाकून बसायला सांगेल. ही झाली मोठी ठिकाणं. मध्ये प्रत्येक दगडाला, झाडाला नाव होतं. कॅसेटची एक बाजू संपली तरी आई खिंडीतच.

चौथी शिकलेली मी. लिहून काढता आलं असतं, पण चौकासमोर कागद धरून देव बोलवायला मी काय सरकारी कचेरी होते? म्हणून मी शक्कल काढली, आणि माझ्या हुशारीवर मी इतकी खूष झाले की आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. आपाचं स्वयंपाकघर मी डोंगर करून टाकलं. दारातलं तांदळाचं पोतं म्हणजे आमची वेस. पिठाचा डबा वाघ्याचा माळ. मसाल्यांच्या बरण्या सातआंबा. फ्रीज आणि भिंत यांच्यामधली सांद म्हणजे कुंडाची खिंड. नळ म्हणजे उंबरओहोळ, आणि नळाच्या डाव्या हाताला मसुरीच्या डाळीचा निळा डबा, तो मोहपाडा. स्वयंपाक करता करता मी या डब्यावरून त्या डब्यावर गात जायचे. आठवड्याभरात वाट पाठ झाली. एकदा आपाने मला पिठाच्या डब्यापुढे हात जोडताना पकडलं.

“काय गो, पिठाला सलाम?”

“तो माळ आहे.”

“तो पिठाचा डबा आहे. आणि त्याला झाकण लाव, मुंग्या आल्यात तुझ्या माळावर.”

एक दिवस तिने माझ्यामागे फळ्या पुसून डबे इकडचे तिकडे ठेवले, तर माझा ओहोळ माळावर चढला आणि मोहपाडा आमच्या वेशीच्या अलीकडे आला. मी इतकं भांडले की आपाने सगळे डबे होते तसे लावून दिले. एवढा धडा समोर घडला तरी मला काही कळलं नाही. अक्कल परकरात होती म्हटलं ते उगीच नाही.

लग्नाला जागा मिळाली ती बुसैतीनला, वानखेडेभाऊंच्या फ्लॅटमध्ये. ते विदर्भातले, बौद्ध, एका कंपनीत नकाशे काढायचे. रमेशला त्यांनीच कुठेतरी कामाला मदत केली होती. मला दारातच म्हणाले, “जयभीम ताई. तुमच्यात भट लागत नाही म्हणे?”

“नाही. बाई लागते.”

“मग तुम्ही आमच्याही पुढे गेलात,” म्हणाले, आणि टेपरेकॉर्डरची वायर जोडायला लागले.

लग्नाच्या सकाळी आपाच्या नवऱ्याने आम्हाला गाडीतून सोडलं. आपा मागे भाताचं पातेलं मांडीवर धरून बसली होती. मी देव आठवत होते आणि ती दर सिग्नलला ‘सांडेल, सांडेल’ करत होती. बुदैयाच्या बागा गेल्या, जिदहफ्सचा मासळीबाजार गेला, मनामा गेलं, मग पूल, दोन्हीकडे समुद्र, मग बुसैतीन. मी खिडकीतून बघत होते, पण बघतेय असं मला वाटत नव्हतं.

पोरांनी चौक आधीच काढून ठेवला होता. तिथे शेणाची भिंत कुठून आणणार? एका मोठ्या फ्रीजचं खोकं उलगडून भिंतीला टेकवलं होतं. खोक्याचा रंग आपसूकच सारवल्यासारखा. त्यावर पिठाने देवी काढलेली, घोडे काढलेले, आणि कोपऱ्यात कंपनीने छापलेला फुटका पेला आणि वर बघणारा बाण. तो कोणी पुसला नाही. पुसला जाणारही नव्हता. देवाला ताडी लागते, ती नव्हती, म्हणून वानखेडेवहिनींनी फ्रीजमधून लबनची बाटली काढून दिली, तिकडे ताकाला लबन म्हणतात. देवांनी काही तक्रार केली नाही.

सुनंदा डोक्यावरून पदर ओढून बसली. आमच्यात नवरीने आवतण संपेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. वानखेडेभाऊंनी बटण दाबलं. मी गळा साफ केला आणि सुरू केलं. कणसरी आली, हिरवा आला, हिमाय आली. पोरं मागून ओळ उचलत होती, आणि मला फार बरं वाटत होतं. मग मी वेशीवर आले आणि तांदळाचं पोतं बघायला मान वळवली.

तिथे सोफा होता.

मी वाघ्याच्या माळासाठी डावीकडे बघितलं. तिथे काचेचं शोकेस, आत प्लॅस्टिकची फुलं आणि मुलाचे कप. कुंडाची खिंड शोधली तर तिथे कंपनीचं कॅलेंडर. माझ्या डोक्यात एक डबा नाही, एक बरणी नाही. डोंगर सगळा बुदैयाला, आपाच्या फळीवर, झाकणं लावून बसलेला. इकडे पोरांची ओळ संपत आली होती आणि थांबता येत नव्हतं. मागे कणसरी उभी, हिरवा उभा. समोर टेपची चाकं फिरतायत. पाय उचलायलाच हवा होता. उचलला, तो बुदैयात पडला.

मी गायले, की बुदैयाच्या खजुरीत जो कोणी राखणदार असेल त्याला आवतण. पोरांनी एकदम माझ्याकडे बघितलं, पण ओळ उचलली. काय करतील? मग जिदहफ्स, तिथल्या मासळीबाजारात जो असेल त्याला. आता रमेशच्या खोलीवरची पोरं जोरात गायला लागली, त्यांच्या गल्लीचं नाव गाण्यात आलं होतं. मनामाला आपाच्या नवऱ्याच्या दुकानाशेजारचा राखणदारही मी सोडला नाही. आपा दारात पातेल्याजवळ उभी, तोंडात पदर कोंबून हसत होती. मी सकाळी गाडीतून आले तशी गाण्यातून येत होते, वळण न् वळण, आणि पुलावर आले. तिथे माझी वाट संपली. पुढे बुसैतीन, म्हणजे आम्ही बसलो होतो तेच घर. खिडकीतून समुद्र दिसत होता. मोहपाडा कुठेच नव्हता.

मी तीच ओळ परत गायले. पोरांनी परत उचलली. परत गायले. मी पुलावर उभी, माझ्यामागे कणसरीपासून मनामाच्या रंगवाल्यापर्यंत सगळी वरात उभी, आणि समोर नुसतं पाणी.

तेवढ्यात पदराआडून, जिने आजवर आमच्या बोलीतला एक शब्द तोंडातून काढला नव्हता, ती पोर ओरडली, “पान्यात उतर ना गं आते! पान्यातच हाय तो!”

नवरी बोलली. कोणीतरी ‘ए, ए’ केलं. पण मी तोवर उतरले होते. पाण्यात उतरले आणि पायाखाली उंबरओहोळ लागला, म्हणजे तो आठवला, कारण ओहोळाचंच तर पाणी अडवलेलं. ओहोळ लागला तसा डावा हात आपोआप उचलला गेला, जसा स्वयंपाकघरात निळ्या डब्याकडे जायचा. आणि मी मोहपाड्याच्या राखणदाराला बोलावलं. एकदा नाही, तीनदा बोलावलं, टेपमध्ये नीट यावं म्हणून, अगदी मशीनकडे तोंड करून. सुनंदाचा पदर हलत होता. रडत होती की हसत होती ते मी बघितलं नाही. मला तांदूळ टाकायचे होते.

नंतर जेवताना आपा म्हणाली, “माझ्या दारावरून वरात नेलीस, मला ईचारलास पण नाय. आता मला नवरदेवाकडून साडी पायजे.” रमेशने खरंच आणून दिली, हिरवी. तिने ती कधी नेसली नाही, पण ‘माझ्या देवाची साडी’ म्हणून पाहुण्यांना दाखवायची आणि मग ‘तोबा, तोबा’ करायची.

टेप गावी गेली आणि मी आजारी पडायच्या बेतात आले. आई ऐकेल, ही एकच भीती. दीड-दोन महिन्यांनी बोंबलांचा पुडा आला. आपाने पुन्हा दोन बोटांनी धरला. मी संडासात जाऊन टेप लावायच्या विचारात होते, पण आपाने स्वयंपाकघरातच लावली, तिलाही ऐकायचं होतं.

कोंबड्या नव्हत्या. ट्रकचे आवाज होते. आई हायवेवर सुनंदाच्या बापाकडे स्वतः टेप घेऊन गेली होती. तिचा आवाज आला, “तुझं ऐकलं आमी दोघांनी. हा खोकतोय तो सुनंदाचा बाप. त्याने दोनदा ऐकलं. मग माना ईचारतो, की धवलेरी, आता मोहपाड्याला जायला बुदैयावरनं जावं लागतं का?”

मागून म्हातारा काहीतरी बोलला, खोकल्यात कळलं नाही.

“मी म्हटलं, हो बाबा, जुनी वाट बुडाली. आता तिकडनं हाय. तो म्हणला, लांब पडतं, पन हाय ना वाट.” मग आईचा खरा आवाज, मला झोडपायचा. “आणि तू गं? डोळे घरी ठेवून गेलीस का? वाघ्या सोडलास, सातआंबा सोडलास. त्यांना मी समजावीन. पन ही नवी माणसं जी तू बोलावलीस, ती आता आपल्या लग्नाची झाली. एकदा आवतण दिलेला पुढच्या लग्नाला वगळला, तर तो दारात बसून राहतो. आता मरेपर्यंत बोलव त्यांना.”

आपाने टेप बंद केला आणि म्हणाली, “भोग आता.”

सुनंदाच्या बापाने तो पावसाळा काढला नाही. ती नर्स होती, तिचं बरोबर निघालं.

मी अजून भोगतेय. आई गेल्यावर तिच्या पाड्यांची लग्नं माझ्याकडे आली. त्याआधी परत येऊन मी वाट नीट शिकले होते, आईच्या मागे प्रत्यक्ष चालून, जिथवर पाणी नव्हतं तिथवर. वाघ्या, सातआंबा, खिंड, सगळे घेते. आणि मोहपाड्याची कोणी नवरी असली, कुठेही राहत असो, की बुदैयावरून जाते, कारण आईने म्हाताऱ्याला तशी वाट सांगितली होती. आता मी पुढारी झाले आहे. जमिनीच्या मोर्च्याला मला पुढे उभं करतात, भाषेच्या कार्यक्रमात शाल घालतात, परंपरा जशीच्या तशी जपणारी म्हणून भाषणात सांगतात. मी मान डोलावते. मध्ये शहरातून दोन शिकलेली पोरं गाणी रेकॉर्ड करायला आली. त्यांनी फार आदराने विचारलं, “आजी, हे जिदहफ्स कुठल्या तालुक्यात येतं?” मी म्हटलं, “पुलाच्या अलीकडे.” त्यांनी लिहून घेतलं.

आता माझ्या हाताखाली एक पोरगी शिकते. गळा चांगला आहे, पण पळते. गेल्या महिन्यात मोहपाड्याच्या एका नातीचं लग्न होतं, ते या पोरीने लावलं, मी मागे बसून ऐकत होते. खजुरीचं झाड तिने कधी पाहिलं नाही. समुद्रही एकदाच. तिने बुदैया घेतलं आणि थेट पुलावर उडी मारली. मी मागून तिच्या पाठीत बोट खुपसलं.

“जिदहफ्स गाळलंस. मोहपाड्याला पोचशील कशी?”